शेवट ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा का बघावीशी वाटते? नव्या वाचक-प्रेक्षकांसाठी काही पायऱ्या

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला पहिला कथापट काढला तो राजा हरिश्चंद्रावर. पुढे १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने पहिला मराठी बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा', आणि तोही हरिश्चंद्रावरच. दोन्ही वेळा तिकीट काढून आत बसलेल्या माणसांनी ही कथा आधीच ऐकलेली होती. राजा स्वप्नात दिलेल्या शब्दापायी राज्य सोडतो, बायको-मुलासह विकला जातो, डोंबाघरी स्मशानात राबतो आणि शेवटी सगळं परत मिळतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

पहिल्या वेळी हलणाऱ्या चित्रांचं नवल होतं आणि दुसऱ्या वेळी बोलणाऱ्या चित्रांचं, हे खरंच. पण कीर्तनात तर यातलं काहीच नसतं. बुवा पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा भाग, आटोपतात, बुक्का लावून होतो, उत्तररंगाला, म्हणजे गोष्टीच्या भागाला, हरिश्चंद्राचं आख्यान लागतं आणि त्याची राणी तारामती मेलेल्या रोहिदासाला घेऊन स्मशानात आली की मंडपातले लोक डोळे पुसतात. दरवर्षी पुसतात. म्हणजे 'पुढे काय होणार' ही उत्सुकता सोडूनही गोष्टीत धरून ठेवणारं बरंच काही असतं, आणि ते शोधता येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: सांगणाऱ्याने ज्या गोष्टीत आपल्यावर काही काम सोपवलेलं असतं, ती आपल्याजवळ राहते. काही जाणायचं, काही जोडायचं, काही मनातल्या मनात ओरडून सांगायचं आणि सांगता न आल्याने तळमळायचं. सगळं हातात आयतं देणारी गोष्ट दोन तास बरी वाटते आणि रिक्षात बसेपर्यंत विरून जाते.

हे काम कुठे आणि कसं सोपवलं जातं ते ओळखायची ही पद्धत आहे. नुकतंच मन लावून वाचायला-बघायला लागलेल्यांसाठी ती आहे, आणि कथा किंवा लघुपट लिहून बघायची इच्छा आहे त्यांच्यासाठीही. एक पुस्तक आणि एक सिनेमा निवडा. आवडलेलाच निवडा, 'चांगला समजला जातो' म्हणून नको. आणि हो, खाली मी काही सिनेमांचे शेवट सांगितले आहेत. हरिश्चंद्राचं उदाहरण पटलं असेल तर तुम्ही त्यावर रागावणार नाही.

पहिली पायरी: आधी नुसतं बघा, दुसऱ्या दिवशी लिहा

पहिल्यांदा बघताना किंवा वाचताना वही जवळ घेऊ नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. रडू आलं तर रडा, कंटाळा आला तर तोही येऊ द्या.

मग एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी काहीही न चाळता, कोणाचं परीक्षण न वाचता, जे आठवतंय ते अर्धं पान लिहा. कथानक लिहू नका. जे डोळ्यांसमोर आलं ते, ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने लिहा.

या पानावर काय उतरतं ते बघण्यासारखं असतं. 'श्यामची आई' वाचलेल्या कोणालाही विचारा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक रात्रींमध्ये विभागलेलं आहे. कुठल्या रात्री काय सांगितलं हे फारसं कोणी सांगू शकत नाही. पण अंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणारा छोटा श्याम आणि त्यावर आईने मनाला घाण लागण्याबद्दल काढलेले शब्द, हे मात्र शाळा सोडून तीस वर्षं झालेल्या माणसालाही सांगता येतं. तो उपदेश आहे, आणि उपदेश सहसा राहत नाही. इथे राहिला कारण त्याच्याखाली अंघोळीचा दगड आहे, ओले तळवे आहेत, लुगड्याचा पदर आहे.

तुमच्या अर्ध्या पानावर जे आलं, त्याच जागा आता पुन्हा उघडायच्या. पूर्ण सिनेमा परत बघायची घाई नको. तेवढीच दृश्यं, तेवढीच पानं.

दुसरी पायरी: कोणाला काय हवंय, ते एका वाक्यात लिहा

वाक्यात असं काहीतरी हवं जे हातात धरता येईल किंवा बोटाने दाखवता येईल. 'त्याला प्रतिष्ठा हवी होती' हे वाक्य खोटं नसतं, पण त्यातून काही दिसत नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तल्या जब्याला काळी चिमणी हवी आहे. ती पकडून जाळली आणि तिची राख शाळेतल्या शालू नावाच्या मुलीवर टाकली की शालू आपल्यावर भाळेल, असं त्याने ऐकलंय. गावकुसाबाहेरच्या कैकाडी घरातला हा मुलगा गलोल घेऊन माळावर फिरत राहतो. त्याची जात, त्याची लाज, शाळेतल्या मुलीपर्यंत पोचण्याची त्याची धडपड, हे सगळं त्या पाखरामागच्या धावण्यात आहे. दिग्दर्शकाला त्याबद्दल एक वाक्यही बोलावं लागत नाही. ते आपण जोडतो.

आणि ज्याला पाखरामागे धावायचंय त्याला घरच्यांबरोबर डुकरं पकडायला त्यांच्यामागे धावावं लागतं, तेही सगळ्या गावासमोर. हवं ते आणि करावं लागतं ते, हे दोन्ही इतकं दिसणारं आहे, म्हणून त्यांच्यातलं अंतरही दिसतं.

तुमच्या निवडलेल्या गोष्टीतल्या दोन-तीन माणसांसाठी असं वाक्य लिहून बघा. एखाद्यासाठी ते लिहिताच येईना, तर दोनदा बघा. तरीही येईना, तर ते पात्र बहुधा लेखकालाही नीट दिसलेलं नसतं. नायकाच्या मित्राच्या बाबतीत हे फार वेळा होतं.

तिसरी पायरी: कोणाला कधी कळलं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मला स्वतःला गोष्टींचा नाद लागला तो हे कळल्यापासून.

वहीचं पान आडवं धरा आणि तीन रकाने आखा: पात्राला काय माहीत आहे, समोरच्या पात्राला काय माहीत आहे, आणि मला काय माहीत आहे. आता एकच प्रसंग घ्या आणि तो पुढे सरकतो तसे रकाने भरत जा.

स्मशानातला हरिश्चंद्र घेऊ. रात्र आहे. एक बाई मेलेल्या पोराला घेऊन येते. हरिश्चंद्राच्या रकान्यात एवढंच: कोणीतरी बाई आहे आणि धन्याचा कर घेतल्याशिवाय प्रेत जाळू द्यायचं नाही. तारामतीच्या रकान्यात एवढंच: स्मशानाचा कोणी राखणदार आहे आणि आपल्याजवळ द्यायला काही नाही. आपल्या रकान्यात मात्र सगळं आहे. हा तिचा नवरा, ही त्याची बायको आणि हे दोघांचं पोर. तो कर मागतो तेव्हा त्या मागण्यातला प्रत्येक शब्द फक्त आपल्याला टोचतो. बोलणाऱ्यालाही नाही आणि ऐकणारीलाही नाही.

कीर्तनकार इथे मुद्दाम थांबतो. झांज थांबते, पेटीवरचा स्वर नुसता धरून ठेवलेला असतो. ओळख पटायची वेळ तो लांबवतो. मंडपातला प्रत्येक जण मनात म्हणत असतो की अरे, बघ तरी कोण आहे ती. हेच ते आपल्यावर सोपवलेलं काम. शेवट माहीत असल्याने इथे काही कमी होत नाही. उलट माहीत असल्यामुळेच हा प्रसंग उभा राहतो.

हाच हिशोब आजच्या कथेत कसा चालतो ते संदीप सावंत यांच्या 'श्वास'मध्ये बघा. २००४ साली आलेला हा सिनेमा 'श्यामची आई' या सिनेमानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा दुसरा मराठी सिनेमा ठरला. कोकणातले आजोबा नातवाला, परशाला, शहरातल्या डॉक्टरांकडे आणतात. डोळ्यांचा कर्करोग निघतो. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि त्यात दृष्टी जाईल. रकाने भरा. डॉक्टरांना माहीत आहे. आजोबांना कळतं. आपल्याला कळतं. परशाला माहीत नाही. त्यानंतर तो पोरगा दवाखान्यात जे जे बघतो, हसतो, हट्ट करतो, ते साधं बघणं उरत नाही. त्याच्या नजरेखालून जाणारी प्रत्येक वस्तू आपण त्याच्यासाठी मोजायला लागतो. शस्त्रक्रियेआधी आजोबा कोणाला न सांगता त्याला दवाखान्यातून बाहेर नेतात, डोळे भरून जग दाखवायला. त्या फिरण्यात एरवी काय आहे? गर्दी, रस्ते, शहर. ते आपल्या रकान्यातल्या माहितीने जड झालेलं आहे.

याच्या उलटही होतं. रहस्यकथेत पात्राला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं आणि आपण मागून धावतो. त्यातही मजा आहे, मी ती कमी लेखत नाही. पण अनुभव असा की खुनी कोण हे कळल्यावर ज्या रहस्यकथा पुन्हा वाचवत नाहीत, त्यांत धावण्याशिवाय आपल्याला दुसरं काही दिलेलं नसतं. 'ट्विस्ट जबरदस्त आहे' ही शिफारस ऐकली की म्हणूनच मी विचारते, ट्विस्ट काढून टाकला तर काय उरतं?

एक सराव करा, फार शिकवणारा आहे. निवडलेला प्रसंग दहा ओळींत पुन्हा लिहा, पण एका रकान्यातली माहिती बदलून. हरिश्चंद्राला पहिल्या क्षणीच ओळख पटली असती तर? तारामतीने त्याला ओळखलं असतं आणि गप्प राहिली असती तर? परशाला पहिल्या दिवशीच कोणी सांगितलं असतं तर? प्रत्येक वेळी वेगळीच गोष्ट तयार होते, आणि मूळ सांगणाऱ्याने ही माहिती इथेच का ठेवली ते आपोआप कळतं.

चौथी पायरी: निवड आणि तिची किंमत

ही पायरी छोटी आहे. पात्र एखादी निवड करतं ती जागा शोधा आणि विचारा: दुसरा रस्ता खरंच मोकळा होता का? हरिश्चंद्र कर माफ करू शकतो. तिथे बघायला कोणी नाही. 'श्वास'मधले आजोबा सही न करता गावी परतू शकतात. दोन्ही रस्ते उघडे असतील आणि दोन्हीकडे काही गमवावं लागणार असेल, तर आपण गुंततो, कारण आपणही मनात निवड करून बघतो. एक रस्ता उगाच घातलेला असेल, म्हणजे एकीकडे सज्जन नवरा आणि दुसरीकडे दारू पिऊन मारणारा, तर ती निवड नसते आणि आपल्यालाही काही करायला उरत नाही.

पाचवी पायरी: जागा आणि वस्तू

नवा लिहिणारा जागेचं वर्णन सुरुवातीला करून मोकळा होतो: गाव डोंगराच्या कुशीत, नदी, देऊळ, पार. मग माणसं बोलायला लागतात आणि ते गाव कुठेही असू शकतं.

व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ साली आलेली 'बनगरवाडी' हातात घ्या. मोठी कादंबरी नाही, दोन-तीन दिवसांत वाचून होते. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो. वाचताना एक गोष्ट बघा: वस्तीतलं जगणं तिथल्या मातीपासून सोडवता येतं का? शेकूकडे औताला दुसरा बैल नाही, म्हणून त्याची बायको बैलाच्या जोडीने जू खांद्यावर घेते. गरिबीबद्दल एक शब्द न उच्चारता तिथे सगळं सांगून झालेलं आहे. मास्तर लोकांना गोळा करून तालीम बांधतो, राजेसाहेब येतात, वस्ती सणासारखी सजते. आणि मग पाऊस ओढ देतो. चारा नाही, पाणी नाही, मेंढरं जगत नाहीत. माणसं एकेक करून वस्ती सोडतात.

शेवटाकडे ती वस्ती रिकामी होत जाते तेव्हा आपल्याला जे होतं, ते आधीच्या पानांनी कमावलेलं असतं. कोणाचं घर कुठे, कोण कुठे बसतं, मेंढरं कधी परततात, हे सगळं आपल्याला पाठ झालेलं असतं. म्हणून रिकामी जागा दिसते. न भरलेली जागा रिकामी करता येत नाही.

करायचं असं: निवडलेल्या गोष्टीतल्या तीन वस्तू लिहा ज्या एकाहून जास्त वेळा येतात. दुसऱ्यांदा आल्यावर त्या वस्तूचा अर्थ बदलला का? बदलला असेल तर ती राहते. नुसतीच पुन्हा आली असेल तर ती सजावट.

सहावी पायरी: काय दाखवलं नाही?

'सैराट'चा शेवट २०१६ साली ज्यांनी थिएटरात अनुभवला, त्यांना ती शांतता आठवत असेल. ज्या सिनेमात पूर्वार्धभर गाणी दणाणत होती, लोक उठून नाचत होते, त्याच सिनेमाच्या शेवटी आवाज नाही. घरच्यांच्या विरोधात पळून जाऊन लग्न केलेल्या आर्चीच्या माहेरची माणसं भेटी घेऊन आली आहेत, ती चहा करते आहे. लहानगं शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं आहे. ते परत येतं, आत जातं, आणि बाहेर पडताना त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटतात.

तिला आणि तिच्या नवऱ्याला मारणं दाखवलेलं नाही. चहा आणि ठसे यांच्यामध्ये जे झालं ते प्रत्येकाने स्वतःच्या डोक्यात घडवलं, आणि स्वतः घडवलेलं पुसता येत नाही. हे दृश्य मी कोणाबरोबर बसून बघते तेव्हा पडद्याकडे नाही, त्या माणसाकडे बघते. शेवटच्या मिनिटांत कोणी पॉपकॉर्नला हात लावत नाही.

पुस्तकात हीच जागा परिच्छेदांच्या मधली असते. एक परिच्छेद संपतो, दुसरा सुरू होतो, आणि मधे आठवडा गेलेला असतो. त्या आठवड्यात काय झालं हे तुम्हाला न सांगता कळलं असेल, तर लेखकाने तुमच्यावर विश्वास टाकला आहे. तशा जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा. आणि जिथे पात्र जे वाटतंय ते तोंडाने सांगून टाकतं, तिथेही खूण करा. मालिकांची सवय झालेल्या कानाला हे आधी खटकत नाही. आठवड्याभरात खटकायला लागेल.

सातवी पायरी: शेवट कुठे केला?

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये एका लोकशाहिरावर खटला चालतो. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप असतो. सिनेमा निकालावर संपत नाही. न्यायालयाला सुट्टी लागते आणि आपण न्यायाधीशांबरोबर सहलीला जातो. ते बाकावर डुलकी घेत असतात, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एका पोराला चापट मारतात आणि पुन्हा डुलकी घेतात. संपलं. पहिल्यांदा बघणारे बरेच जण चिडतात. मला तो मराठीतल्या सर्वांत धाडसी शेवटांपैकी एक वाटतो, कारण शाहिराचं काय होणार हे त्या चापटीवरून आपल्याला स्वतः काढावं लागतं.

'फँड्री'चा शेवट याच्या उलट टोकाचा. जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. एक शेवट आपल्याला विचार करायला लावून निघून जातो, दुसरा आपल्यालाच आरोपी करतो. तुमच्या गोष्टीचा शेवट एक प्रसंग आधी केला असता तर काय झालं असतं ते लिहून बघा. पुष्कळदा आढळतं की शेवटचा प्रसंग फक्त निरोप घ्यायला घातलेला आहे.

आठवी पायरी: तोंडी सांगा

ज्याने ती गोष्ट वाचलेली नाही त्याला पाच मिनिटांत सांगा. घरातलं कोणीही चालेल. लहान मूल असेल तर उत्तम, कारण ते खोटं ऐकून घेत नाही. सांगताना तुम्ही कुठून सुरुवात केली, काय गाळलं, कुठे हात हलवले आणि ऐकणाऱ्याने कुठे 'मग?' विचारलं, हे लगेच टिपून ठेवा. पहिल्या पायरीच्या अर्ध्या पानाशी ते जुळवा. जिथे जुळतं, तिथे त्या गोष्टीचा जीव आहे असं समजायला हरकत नाही.

नंतर काय?

एवढं एका गोष्टीवर करून झालं की पुस्तक आणि त्यावरचा सिनेमा अशी जोडी घ्या. 'बनगरवाडी' वाचलेली असेलच, तर अमोल पालेकरांनी १९९५ साली त्यावर काढलेला सिनेमा बघा. कादंबरीत मास्तर स्वतः 'मी' म्हणून सांगतो. त्याला काय वाटतं ते आपण त्याच्या तोंडून ऐकतो. कॅमेऱ्याला 'मी' म्हणणं अवघड. मग मास्तरचं मन कुठे गेलं? चेहऱ्यात, माळरानात, की गाळलंच? तिसऱ्या पायरीचे रकाने दोन्हींसाठी वेगळे भरा. तसंच 'श्यामची आई'चं पुस्तक आणि आचार्य अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा. तिथे कोणत्या रात्री घेतल्या आणि कोणत्या सोडल्या, यावर एक अख्खी संध्याकाळ जाते.

एकट्याने करण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून केलं तर जास्त सापडतं. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून लोकांना एकत्र बसवून सिनेमे दाखवत आलं आहे, पुण्यात चित्रपट रसास्वादाचे वर्ग भरतात, आणि गावच्या वाचनालयात दोन खुर्च्या ओढल्या तरी काम होतं. अट एकच ठेवा: 'आवडलं' किंवा 'नाही आवडलं' म्हणणाऱ्याने ते कोणत्या पानावर किंवा कोणत्या दृश्याला वाटलं, ते उघडून दाखवायचं.